अपेक्षित निकालाचा रकाना

टेस्ट प्लॅनमधली एक बाब लिहायला जागा थोडीच लागते. अनुक्रमांक, काय तपासायचं, आधीची स्थिती, भरायची माहिती, पायऱ्या आणि शेवटी अपेक्षित निकाल. नोकरीला लागल्यापासून मी हेच रकाने भरत आले. त्यातले बहुतेक मेहनतीने भरता येतात. वेळ दिला, कागदपत्रं नीट वाचली, चार माणसांना विचारलं की भरतात. शेवटच्या रकान्याला तेवढं पुरत नाही. तिथे मी जे लिहिलं ते कुठून आणलं, हे कोणी विचारत नाही. प्लॅन तपासणारे वरिष्ठ बाबींची संख्या पाहतात, चाचणी चालवणारा पास की फेल एवढं पाहतो. त्यामुळे हा प्रश्न माझा मलाच विचारावा लागतो. तो विचारला नाही तरी कामात काहीच अडत नाही, आणि म्हणूनच तो टाळणं इतकं सोपं आहे.

सध्या हातात आहे ती दूध संकलनाची प्रणाली. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका दूध संघाच्या गावोगावच्या केंद्रांवर ती चालणार आहे. सकाळी आणि संध्याकाळी लोक दूध घालायला येतात. किटली काट्यावर जाते, नमुना यंत्रात जातो, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घनपदार्थ) लागते, दरपत्रकावरून दर निघतो, पावती हातात पडते. दर दहा दिवसांनी बिल निघतं. पशुखाद्याची आणि उचलीची कपात होऊन उरलेले पैसे खात्यावर जमा होतात. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया धरून दर ठरतो. त्याखाली गेलं की प्रत्येक पॉइंटला कपात. हा एक पॉइंट म्हणजे ०.१. शहरात बसून पाहिलं तर हे आकडे क्षुल्लक वाटतात. ज्या घराचा किराणा, पोरांची फी आणि गाईचं औषधपाणी याच बिलातून भागतं, तिथे दहाव्या दिवशी पावत्या एकेक करून जुळवल्या जातात.

प्लॅन लिहायला घेण्याआधी मी एका केंद्रावर संकलनाच्या वेळी जाऊन उभी राहिले. एका वयस्कर मावशींनी पावती माझ्यापुढे धरली. मी कॉम्प्युटरवाली, म्हणजे मला हे ठाऊक असणार असा त्यांचा विश्वास. म्हणाल्या, "पोरी, काट्यावर आठ-चाळीस दिसलं, मग चिठ्ठीवर आठ-एक कसं?" केंद्राचे सचिव आतून म्हणाले, "मावशी, ते किलो हाय, हे लिटर." मावशी मान हलवून गेल्या. सचिवांचं उत्तर खरं होतं, पण अर्धं होतं.

काटा किलोत मोजतो आणि पैसे लिटरवर मिळतात. एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरतं, म्हणून वजनाला १.०३ ने भागून लिटर काढतात. ८.४० किलोचे होतात ८.१५५ लिटर. जुन्या प्रणालीत पावतीवर ८.१ यायचे, आमच्या नव्या प्रणालीतही ८.१ येत होते. आम्हाला मिळालेल्या कागदात एवढंच लिहिलेलं होतं, की लिटर एका दशांश स्थळापर्यंत दाखवावेत. जवळचा आकडा घ्यायचा तर ८.२ यायला हवेत. पुढचे अंक सोडून द्यायचे तर ८.१. कागद या बाबतीत गप्प होता आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलाने जे फंक्शन हाताशी होतं ते वापरलं होतं. त्याच्या मनात कुणाचं नुकसान करायचं नव्हतं.

आता हिशेब बघा. पुढचे अंक सोडायचे ठरले तर दर वेळी शून्यापासून जवळजवळ १०० मिलिलिटरपर्यंत दूध पावतीतून गळतं; सरासरी धरली तर ५०. दोन वेळचं मिळून दिवसाला १०० मिलिलिटर, वर्षाला साडेछत्तीस लिटर. दीडशे उत्पादकांच्या केंद्रावर ही गळती साडेपाच हजार लिटरच्या घरात जाते. टँकरमध्ये मात्र दूध पुरेपूर चढतं. जवळचा आकडा घेतला असता तर कधी चार थेंब इकडे, कधी तिकडे, वर्षाअखेर जवळजवळ फिटंफाट झाली असती. सोडून देण्याच्या पद्धतीत दर वेळी एकाच बाजूचं जातं.

त्या बाबीसमोर अपेक्षित निकाल लिहायची वेळ आली. सगळ्यात सोपी वाट अशी, की प्रोग्रॅम चालवावा, पडद्यावर ८.१ आले की ८.१ लिहावेत आणि पुढच्या ओळीकडे वळावं. हे कुणालाही खटकत नाही. ओळ हिरवी होते. आमच्या क्षेत्रात, विशेषतः आधीच तयार असलेल्या प्रणालीचा प्लॅन मागाहून लिहायचा असतो तेव्हा, हे सर्रास होतं. "आत्ता जे येतंय तेच बेसलाइन धरा," असं सांगितलंही जातं. पण तसं लिहिल्याने काय होतं, ते मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगते. प्रोग्रॅमरच्या हातून सहज घडून गेलेली गोष्ट माझ्या त्या एका आकड्यामुळे नियम बनते. पुढे कधी एखाद्या जागरूक मुलीने ते फंक्शन बदललं आणि ८.२ यायला लागले, तर माझी ओळ लाल होईल. तिच्या नावावर टिकेट पडेल. ती बिचारी टेस्ट प्लॅन उघडेल, तिथे ८.१ लिहिलेलं पाहील आणि आपणच चुकलो असं समजून कोड पूर्ववत करेल. म्हणजे मावशींचे ते थेंब गळत राहावेत यासाठी मी पहारा बसवलेला असेल, आणि तो मी नोकरी सोडल्यावरही चालू राहील.

म्हणून तिथे मी आकडा न लिहिता प्रश्न लिहिला. 'नियम ठरलेला नाही. संघाकडून लेखी उत्तर हवं.' त्या ओळीमुळे बाब अडकली, आठवड्याच्या अहवालात अडकलेल्या बाबींची संख्या वाढली, आणि वाढलेल्या संख्येचं कारण मला द्यावं लागलं. उत्तर आलं ते असं, की एका दशांशानंतरचं सोडून देणं हीच पूर्वापार पद्धत आहे आणि तीच ठेवायची. मी ८.१ लिहिलं, आणि शेजारी निर्णय देणाऱ्याचं पद आणि तारीख लिहिली. आकडा तोच राहिला. तरीही माझ्या लेखी या दोन ८.१ मध्ये फार अंतर आहे. पहिल्यामागे कोणीच उभं नव्हतं. दुसऱ्यामागे ठरवणारा माणूस आहे आणि उद्या उत्पादकांच्या सभेत त्याला याबद्दल विचारता येईल. पावतीवर किलो आणि लिटर दोन्ही छापावेत असं मी सोबत सुचवलं होतं. ते मात्र चटकन मान्य झालं.

यावर मी बराच विचार केला आहे. न्याय काय ते ठरवणं माझं काम आहे का? मला वाटतं, नाही. मी संघाची सभासद नाही, उत्पादकांनी मला निवडून दिलेलं नाही. पण जो निर्णय कुणीच घेतलेला नाही, तो घेतल्यासारखा दिसू देणं हे माझ्याकडून होता कामा नये. तेवढी जबाबदारी माझ्या खुर्चीची आहे आणि ती दुसऱ्या कुठल्या खुर्चीकडे ढकलता येत नाही.

ग्लेनफर्ड मायर्स यांचं सॉफ्टवेअर चाचणीवरचं पुस्तक १९७९ सालचं. त्या काळचे संगणक आता संग्रहालयात गेले, पण त्यांनी सांगितलेल्या तत्त्वांतलं पहिलंच तत्त्व आजही माझ्या टेबलावर येऊन उभं राहतं. निकाल काय यायला हवा हे चाचणी चालवण्यापूर्वी लिहिलेलं असावं, असं ते सांगतात. कारणही मनुष्यस्वभावातलं देतात: डोळ्याला जे पाहायचं असतं तेच तो पाहतो. चुकीचं पण पटण्याजोगं उत्तर समोर आलं, की मन त्याला बरोबर म्हणून टाकतं. त्यांनी आणखी एक सांगितलं, की प्रोग्रॅम बरोबर चालतो हे दाखवायला निघालेला माणूस नकळत अशीच माहिती निवडतो जिने प्रोग्रॅम बरोबरच चालेल. दोष शोधायलाच निघालं पाहिजे.

हे वाक्य स्वतःला लावून पाहते तेव्हा मन अस्वस्थ होतं. रिलीजची तारीख लांब असते तेव्हा मला सुचणाऱ्या बाबी आणि तारीख तोंडावर आल्यावर सुचणाऱ्या बाबी सारख्या नसतात. कोणी मला दटावलेलं नसतं. कोणी काही लपवायला सांगितलेलं नसतं. तरीही शेवटच्या दिवसांत जी माहिती मनात येते ती सरळसोट असते: एक उत्पादक, एक गाय, १० किलो दूध, ३.५ आणि ८.५. सुचणं ही आपोआप होणारी गोष्ट आहे असं आपण धरून चालतो. माझा अनुभव तसा नाही. सुचण्यालाही आतून लगाम असतो, आणि तो कोणाच्या हातात आहे याकडे लक्ष ठेवावं लागतं. म्हणून मी आता बाबींच्या ओळी प्रकल्पाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवते, बिल्ड हातात येण्याआधी, म्हणजे प्रोग्रॅमचं रंगरूप मला ठाऊक नसतं तेव्हा. पुढे वेळ नाही म्हणून काही ओळी काढाव्या लागल्या तर त्या काढलेल्या दिसतात. मुळात न सुचलेली ओळ कोणालाच दिसत नाही.

एक उदाहरण देते. दुधाच्या यंत्रातून फॅट दोन दशांशांपर्यंत येते आणि दरपत्रक एका दशांशाचं असतं. इथे नियम लेखी होता: पाच किंवा त्याहून अधिक असेल तर वरचा आकडा. मी कागदावर लिहिलं, ४.३५ आले तर ४.४ चा दर लागावा. प्रोग्रॅमने ४.३ चा लावला. डेव्हलपरने कोड दाखवला. त्यात राउंड करणारं फंक्शन नीट लिहिलेलं होतं, वाचून तरी चूक सापडत नव्हती. गोम संगणकाच्या पोटात होती. ४.३५ ही संख्या द्विमान पद्धतीत अचूक साठवता येत नाही. साठते ती ४.३४९९९९ अशी, तिळभर कमी, आणि मग ती खाली जाते. ४.४५ आणि ४.५५ घेतले तर काही वेगळंच दिसू शकतं, प्रत्येक संख्येची गोष्ट निराळी. उपाय जुनाच आहे, फॅट आणि पैसे पूर्णांकात ठेवावेत, ४.३५ ऐवजी ४३५. त्याने तो केला. माझ्यासाठी महत्त्वाचं हे, की मी आधी पडदा पाहिला असता तर ४.३ पाहून मला काहीही वाटलं नसतं. शेजारी कागदावर माझ्याच अक्षरात ४.४ होतं म्हणून मला थांबावं लागलं.

बाब मोघम लिहिणं ही दुसरी पळवाट. 'पावती व्यवस्थित छापली जावी.' 'बिल बरोबर यावं.' 'प्रणालीने योग्य संदेश दाखवावा.' अशा ओळी नापास होऊच शकत नाहीत, कारण व्यवस्थित म्हणजे काय ते त्या दिवशीच्या मूडवर ठरतं. नापास होऊ न शकणारी ओळ मी लिहिली तर ती चाचणी नव्हे, एवढं मी स्वतःपुरतं पक्कं धरलं आहे. यावर अधिक काही बोलावं असं नाही. ते लिहिताना आपल्याला कळत असतं.

जास्त अवघड प्रश्न वेगळा आहे. मी बाब लिहिते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर कोण असतं?

थेरॅक-२५ या यंत्राची हकीकत मी नव्याने येणाऱ्या प्रत्येक टेस्टरला सांगते. कॅनडातल्या एईसीएल या कंपनीने बनवलेलं हे किरणोपचाराचं यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना त्यातून प्रचंड अतिरिक्त मात्रा गेली आणि त्यातले काही त्यामुळे दगावले. मार्च १९८६मध्ये टेक्सासमधल्या टायलर इथे यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञ बाईंनी उपचाराची माहिती भरताना 'ई'च्या जागी 'एक्स' टाइप केलं. चूक लक्षात आली. बाण दाबत वर गेल्या, अक्षर बदललं, एंटर मारत खाली आल्या. रोजचं काम, बोटांना सवय. यंत्रातल्या चुंबकांना जागेवर यायला सुमारे ८ सेकंद लागायचे, आणि त्या ८ सेकंदांत केलेली दुरुस्ती प्रोग्रॅमच्या एका भागाला कळायचीच नाही. पडद्यावर 'मालफंक्शन ५४' एवढंच उमटलं. कंपनीच्या इंजिनियरांनी यंत्र तपासलं, त्यांना तसं काही घडवून दाखवता आलं नाही. पुढच्याच महिन्यात तिथेच दुसरा अपघात झाला. तेव्हा रुग्णालयातले भौतिकशास्त्रज्ञ त्या बाईंना सोबत घेऊन बसले, दोघांनी तोच क्रम पुन्हा पुन्हा करून पाहिला, आणि उलगडा झाला: दोष फक्त वेगाने टाइप केलं तरच प्रकटतो. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३मध्ये हे सगळं तपशीलवार लिहून ठेवलं आहे. आधीच्या थेरॅक-२०मध्ये हाच दोष होता, पण त्यात यंत्रणेतच बसवलेली वेगळी संरक्षणं होती, म्हणून कोणाला इजा झाली नाही.

तपासणारा माणूस सावकाश टाइप करतो. एक पायरी करतो, तक्त्यात खूण करतो, मग दुसरी. मीही असंच करते. ज्या व्यक्तीच्या हातून हे काम रोज शेकडो वेळा होतं तिची बोटं मला नाहीत, आणि माझ्या संथपणात तिच्या वाट्याची संकटं दिसत नाहीत. थेरॅकच्या बाबतीत 'रोज काम करणाऱ्याच्या वेगाने दुरुस्ती करून पाहणे' अशी एक ओळ कुठे लिहिलेली असती तर? ती लिहायला तंत्रज्ञान लागत नव्हतं. त्या बाईंच्या शेजारी एक सकाळ बसावं लागलं असतं.

केंद्रावर उभी होते तेव्हा सचिवांची बोटं मी पाहिली. रांग मोठी, हिवाळ्यातली सकाळ, दूध नासायच्या आत टँकर गाठायचा. उत्पादकाचं नाव कोणी विचारत नाही. माणूस समोर दिसला की त्याचा कोड आपोआप बोटांत येतो. पडद्याकडे न पाहता कोड, एंटर, एंटर, पुढचा. एक मुलगा किटली ठेवून शाळेला पळाला, थोड्या वेळाने त्याची आई दुसरी किटली घेऊन आली. तोच कोड, तेच सत्र. ऑफिसात परतल्यावर मी पहिली ओळ ही लिहिली: एकाच सत्रात एकाच कोडवर दुसऱ्यांदा दूध आलं तर दोन्ही नोंदी राहाव्यात, बेरीज व्हावी. बिल्ड हातात आल्यावर पाहिलं, तर दुसरी नोंद पहिलीवर बसत होती. डेव्हलपरने ती दुरुस्ती समजून पुसायची सोय केली होती. त्याच्या कल्पनेत एका घरातून एका वेळी एकच किटली येत होती. त्याने ते केंद्र पाहिलेलं नव्हतं, आणि त्याला कोणी तिथे पाठवलंही नव्हतं.

त्या सकाळीने मला आणखी बरंच दिलं. गाईचं आणि म्हशीचं दूध एकाच घरातून येतं. वजन झालं, फॅट लागली आणि पावती छापता छापता वीज गेली, तर वीज आल्यावर नोंद एकच राहते की दोन होतात? दहा दिवसांचं बिल म्हणतो खरं, पण महिन्याचा तिसरा दशवडा कधी अकरा दिवसांचा असतो आणि फेब्रुवारीत आठ किंवा नऊ. दुष्काळात दूध आटलं आणि पशुखाद्याची कपात बिलापेक्षा मोठी झाली, तर बिल उणे निघणार की शून्यावर थांबून बाकी पुढे जाणार? खातेदार वारला आणि दूध त्याची बायको घालू लागली, तर मधल्या दशवड्याचे पैसे कुठल्या खात्यावर जातात? ही शेवटची ओळ लिहिताना माझा हात थांबला होता. तांत्रिक दृष्ट्या ती साधी नोंदबदलाची बाब आहे. पण घरात सुतक असताना कोणाला तरी संघाच्या कार्यालयात हेलपाटे घालावे लागतील की नाही, हे त्या ओळीवर अवलंबून आहे.

मी हे सगळं लिहिते याचा मला अभिमान वाटतो, आणि तिथेच मला स्वतःला दुसऱ्यांदा तपासावं लागतं. बाबी वाढवण्यामागे दर वेळी मावशीच असतात असं नाही. कधी कधी त्यामागे मीच असते. उद्या काही बिघडलं तर 'हे आम्ही तपासलं होतं' असं म्हणता यावं म्हणून लिहिलेल्या ओळी असतात. कोऱ्या रकान्यात अक्षरं टाका, नावात आकडे टाका, शंभर अक्षरांचं गाव टाका, अशा ओळी भराभर पाडता येतात. प्लॅन जाडजूड दिसतो, क्लायंटला भरवसा वाटतो, वार्षिक मूल्यमापनात संख्या दाखवता येते. त्या ओळी निरुपयोगी नाहीत, पण मनाची तयारी न करता लिहिता येतात. कठीण ओळ लिहायला आधी कोणाचं तरी नुकसान मनात पूर्ण घडू द्यावं लागतं. ती मी टाळते आहे आणि तिच्या जागी सोप्या ओळींची रास घालते आहे, असं मला अनेकदा दिसतं. दिसलं की मी त्या दिवशी नवी ओळ लिहीत नाही. लिहिलेल्यांतून कुठली काढली तर कोणाचंच काही जाणार नाही, ते पाहते.

आता त्या भागाकडे येते, जो आमच्या दस्तऐवजात सगळ्यात लहान असतो आणि मला सगळ्यात जास्त वेळ जागं ठेवतो. आयईईई या संस्थेने १९८३मध्ये चाचणीच्या कागदपत्रांसाठी ८२९ क्रमांकाचं मानक काढलं. त्यात टेस्ट प्लॅनचे सोळा भाग सांगितले होते. काय तपासणार हा एक भाग, आणि त्याला लागूनच काय तपासणार नाही हा दुसरा, कारणांसहित. पुढे त्या मानकाच्या आवृत्त्या निघाल्या, नंतर त्याची जागा दुसऱ्या मानकाने घेतली, आता छोट्या चमूंमध्ये एवढे भाग कोणी लिहीतही नाही. पण 'तपासणार नाही' हा भाग ज्यांनी मुद्दाम वेगळा लिहायला लावला, त्यांना माणसाचं मन चांगलं ठाऊक असलं पाहिजे.

तपासायचं सोडून दिलं की काय होतं, त्याचं एक उदाहरण. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू इथून एरियान-५ रॉकेट पहिल्यांदा उडालं आणि पाऊण मिनिटाच्या आत नष्ट झालं. दिशा सांगणाऱ्या उपकरणातलं सॉफ्टवेअर एरियान-४ मधून जसंच्या तसं आणलेलं होतं. नव्या रॉकेटचा आडवा वेग जुन्यापेक्षा कितीतरी अधिक. त्याच्याशी संबंधित ६४ बिटांची संख्या १६ बिटांत मावेना, आणि मुख्य व पर्यायी दोन्ही उपकरणं एकाच कारणाने बंद पडली. गंमत नव्हे, दुःख हे, की गणिताचा तो भाग उड्डाणानंतर एरियान-५ला लागतच नव्हता. चौकशी समितीचे प्रमुख होते गणितज्ञ झाक-लुई लिओन्स. त्यांच्या अहवालातल्या दोन गोष्टी माझ्या मनातून जात नाहीत. धोका असलेल्या सात चलांपैकी चारांना संरक्षण दिलं होतं, तिनांना दिलं नव्हतं, आणि न देण्यामागचं कारण कोडमध्ये कुठे नोंदलेलं नव्हतं. दुसरी गोष्ट अशी, की एरियान-५च्या प्रत्यक्ष मार्गाची माहिती देऊन ते उपकरण जमिनीवर तपासलंच गेलं नाही. ते तपासता आलं असतं, आणि तपासलं असतं तर दोष सापडला असता. आधीच्या रॉकेटवर ते वर्षानुवर्षं नीट चाललेलं होतं, मग पुन्हा कशाला तपासायचं, असा विचार अनेक जाणत्या आणि प्रामाणिक माणसांनी मिळून केला.

ती माणसं बेफिकीर होती असं मला वाटत नाही. म्हणून तर भीती वाटते. 'हे जुनंच आहे, आधी चाललेलं आहे' हे वाक्य माझ्या चमूत दर रिलीजला ऐकू येतं, आणि मलाही ते ऐकून हायसं वाटतं. दरपत्रकाचं गणित जुन्या प्रणालीतून आणलं आहे, सोडून द्या. कपातीचा भाग बदललेला नाही, सोडून द्या. अशा वेळी मी हल्ली एवढं करते: सोडून द्यायला हरकत नाही, पण सोडलेली गोष्ट कारणासह लिहायची, आणि त्या ओळीत दोष निघालाच तर तो कोणाच्या वाट्याला येईल हेही लिहायचं. हा शेवटचा रकाना कुठल्या मानकात नाही, मीच घातला आहे. तो भरताना सोडण्याचे काही निर्णय आपोआप गळून पडतात. 'कपात तपासणार नाही, कारण बदललेली नाही. दोष निघाल्यास उत्पादकाचं बिल कमी जाईल आणि त्याला ते कळायला दहा दिवस लागतील' असं लिहून झाल्यावर प्रोजेक्ट मॅनेजर स्वतःच म्हणाले, अर्धा दिवस काढा आणि तपासून घ्या.

सगळ्याच ओळी अशा सुटत नाहीत. या रिलीजच्या 'तपासणार नाही' भागात एक ओळ अजून आहे. राज्य सरकारने गाईच्या दुधाला लिटरमागे अनुदान द्यायला सुरुवात केली तेव्हा त्यासाठी जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक आणि उत्पादकाचं बँक खातं यांची माहिती लागली. आमची प्रणाली ती यादी फाइल करून देते. केंद्रावर ती फाइल एक्सेलमध्ये उघडली जाणार, हे मी सचिवांकडे पाहून खात्रीने सांगू शकते. एक्सेलमध्ये बारा अंकी संख्या १.०२ई+११ अशी दिसू लागते, आणि तशीच पुन्हा सीएसव्हीत साठवली तर पुढचे अंक कायमचे जातात. खाते क्रमांक शून्याने सुरू होत असेल तर ते शून्य उडतं. आमच्या बाजूने फाइल बरोबर निघते, तेवढं मी तपासलं आहे. उघडून, बदलून, साठवून ती पुढे चढवल्यावर पलीकडे काय होतं, हे तपासायला आमच्याकडे सोय नाही.

म्हणून ओळ लिहिली, कारण लिहिलं. वाट्याच्या रकान्यात लिहिलं, की उत्पादकाचं अनुदान येणार नाही, तो केंद्रावर सचिवांना विचारेल, आणि सचिवांनाही कारण ठाऊक नसेल. मग त्याखाली एक मागणी जोडली: परत आलेल्या नोंदींची यादी उत्पादकाच्या कोडसह केंद्राच्या पडद्यावर दिसावी, आणि बिल्ल्याचा क्रमांक त्या पडद्यावरच दुरुस्त करता यावा, म्हणजे फाइल उघडायची वेळच येऊ नये. मॅनेजर म्हणाले, ही टेस्ट प्लॅनमधली बाब नव्हे, हे नवं काम आहे, त्याला वेगळी मंजुरी लागेल. त्यांचं बरोबर आहे. मंजुरीचा अर्ज मी त्यांच्याकडे दिला आहे. साइन-ऑफची बैठक येत्या आठवड्यात आहे, आणि त्यात ती ओळ मी संघाच्या लोकांसमोर वाचून दाखवणार आहे.